कार्ड आहे, दवाखाना कुठे आहे?

दसऱ्याच्या आधी आमच्या संस्थेने तालुक्याच्या गावी आरोग्य कार्डांचं शिबिर घेतलं. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आत बायांच्या हातात पाच लाखांच्या विम्याचं कार्ड पडावं, हा हेतू. मंडप होता, लाऊडस्पीकर होता, अंगठा घेणारं यंत्र होतं, पुढाऱ्यांची भाषणं होती. दिवसभरात तीनशेच्या वर कार्डं निघाली. आम्ही खूश होतो. आकडा अहवालात जाणार होता.

संध्याकाळी सतरंज्या गोळा करताना एक बाई परत आली. वय असेल अठ्ठावीसच्या आसपास. तीन लेकरं, पाच वर्षांपूर्वी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. हातातलं कार्ड उलटसुलट करत तिनं विचारलं, "ताई, अंगावरून पांढरं जातंय त्याचं औषिद मिळंल का ह्याच्यावर?"

यंत्रावरचा मुलगा खाली मान घालून हसला. मी म्हटलं, "नाही बाई, यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागतं."

"मंग पिशवी काढायला चालंल का?"

"काही अटींवर चालेल" हे खरं उत्तर होतं. ते माझ्या तोंडून निघेना.

मैत्रिणींनो, आपल्या देशातल्या आरोग्यसेवेचं पुढे काय होणार यावर आज मोठमोठ्या हॉटेलांत परिषदा भरतात. तिथे रोबोटने होणाऱ्या शस्त्रक्रियांविषयी बोललं जातं, संगणक निदान कसं करेल याविषयी बोललं जातं. मला विचाराल तर ते भवितव्य त्या बाईच्या दोन प्रश्नांत पूर्ण सामावलेलं आहे. पांढरं जाण्यावर इलाज म्हणजे नीट केलेली आतून तपासणी, थोड्या गोळ्या, नवऱ्यालाही त्याच गोळ्या द्यायची गरज असेल तर ते त्याला समजावणं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावणं. खर्च किरकोळ. पण तो द्यायला कुणी नाही. तिचा गर्भाशय कापून काढायचा म्हटलं की पैसे मोजणारा उभा राहतो, मग तो विमा असो, मुकादम असो की सावकार.

बीड जिल्ह्याची कहाणी आपल्याला माहीत आहे. तरी ती पुन्हा सांगते, कारण तिचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला. २०१९ साली ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून आणि महिला संघटनांच्या रेट्यामुळे विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागे एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की मुकादमाला पाळी नको असते. ते खरंच आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, दोघांच्या नावावर उचल दिली जाते आणि एक दिवस काम चुकलं की 'खाडा' लागतो, दंड कापला जातो. पहाटे तीनला उठून स्वयंपाक, मग फडात तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावर वाहून गाडी भरणं. कोपीला ना मोरी, ना संडास, ना आडोसा. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही. जंतुसंसर्ग होणार नाही तर काय होईल? पण मुकादम काही पोट कापत नाही. मुकादमापासून टेबलापर्यंतची जी वाट आहे, ती कुणी बांधली हे आपण विचारलं नाही.

ती वाट सरकारी उपकेंद्राच्या दारातून जाते. आपल्या सरकारी यंत्रणेने खेड्यातल्या बाईला दोनच रूपांत ओळखलं: गरोदर आणि ऑपरेशनची केस. पहिल्यासाठी लोहाच्या गोळ्या आणि धनुर्वाताची सुई, दुसऱ्यासाठी गाडी पाठवून शिबिरात नेणं. विशी-पंचविशीत ऑपरेशन झालं की सरकारचं तिच्याकडचं काम संपलं. आणि तिचं दुखणं? ते तर तिथूनच सुरू होतं. पाठ दुखते, ओटीपोट दुखतं, पांढरं जातं, पाळी जास्त जाते, अंग बाहेर येतं. उपकेंद्रात गेलं तर नर्सबाईकडे या कशाचंही औषध नाही, तपासायला आडोसा नाही, आणि तिच्या रजिस्टरात त्याचा रकानाही नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९८९ साली गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, एकेकीला सरासरी तीनहून अधिक. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या बाया किती? शंभरात आठ. जगभर हा अभ्यास वाचला गेला, धोरणाच्या कागदांत त्याचे दाखले आले. पस्तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, माझ्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आजही तपासणीच्या टेबलावर औषधांची खोकी ठेवलेली असतात.

मग ती बाई तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. 'पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल' असं सांगितलं जातं. आमच्याकडे आलेल्या कितीतरी बायांनी हे एकच वाक्य जसंच्या तसं सांगितलं आहे, जणू सगळ्या डॉक्टरांनी ते एकाच वहीतून पाठ केलंय. बाई उचल घेते, पिशवी काढते, उचल फेडायला पुन्हा फडात जाते. काहींचे अंडाशयही काढलेले असतात. तिशी-पस्तिशीत पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात. तेव्हा मात्र ना डॉक्टर विचारतो ना मुकादम.

सरकारने यावर काय केलं? बीडमध्ये गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी हवी, असा नियम घातला. वाईट नाही. पण बघा, त्यात दवाखाना कुठे आहे? बाईच्या पिशवीवर पहारा बसवला, तिच्या दुखण्यावर औषध दिलंच नाही. बाया सांगतात की आता पलीकडच्या जिल्ह्यात जावं लागतं आणि गाडीभाडं वर पडतं.

इथे कुणी म्हणेल, बीडच्या बायांनी पदरचे पैसे मोजले, त्यात विमा कुठे आला? बरोबर. म्हणून दुसरी उदाहरणं घेऊ. आंध्रात २००७ साली आरोग्यश्री योजना आली, २००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं कार्ड. २०१२ मध्ये बिहारमधल्या समस्तीपूरमध्ये आणि छत्तीसगडमध्ये काय उघडकीला आलं? त्या कार्डावर पैसे उचलण्यासाठी तरुण बायांचे गर्भाशय काढल्याच्या तक्रारी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितलं की केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा. म्हणजे एकीकडे उचल, दुसरीकडे विमा. पैशाची पिशवी वेगळी, पण कापली गेली ती एकच पिशवी. कारण दोन्हीकडे फक्त शस्त्रक्रिया विकत मिळत होती.

हे आपोआप घडलं नाही. १९४६ साली भोर समितीने सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहता कामा नये, आणि त्यासाठी सरकारनेच गावागावांपर्यंत सेवा उभारावी. १९७० मध्ये बीडच्या वेशीवरच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी काम सुरू केलं. गावातल्या बायांना, त्यांतल्या अनेक निरक्षर, अनेक दलित, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या बनवलं. १९७८ च्या अल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत 'सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा झाली, त्यामागे जामखेडसारखेच अनुभव होते. मग १९८७ मध्ये जागतिक बँकेने सांगितलं की गरीब देशांनी सरकारी दवाखान्यांत फी लावावी, विमा आणावा, खासगी क्षेत्राला वाव द्यावा. १९९३ च्या बँकेच्या अहवालाचं नावच होतं 'आरोग्यात गुंतवणूक'. सरकारने मोजक्या सेवांचं एक गाठोडं द्यावं, बाकीचं बाजाराने बघावं, असा त्याचा रोख. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तर सरळ शब्द आला: खासगी क्षेत्राकडून सेवांची धोरणात्मक 'खरेदी'.

हा शब्द नीट वाचा. दवाखाना चालवणारं सरकार आता गिऱ्हाईक झालं आहे. आपल्या राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव दिलं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान योजना आली, २०२३ मध्ये राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांचं संरक्षण जाहीर झालं. (ज्या फुल्यांनी आपल्या वाड्यातला हौद सगळ्यांसाठी खुला केला, त्यांच्या नावाने आता कार्डं वाटली जातात. हौद कुठे आहे, हे विचारायचं नाही!) त्याच २०१७ च्या धोरणात असंही लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकार राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करेल. २०२१-२२ मध्ये, म्हणजे ऐन कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वर्षीसुद्धा, ती १.८४ टक्के होती.

गिऱ्हाईक आलं की दुकानदार आलाच. खासगी दवाखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजून तालुक्याचा डॉक्टर येतो, ज्याच्याशी भांडता येतं, ज्याच्या बायकोला आपण हळदीकुंकवाला भेटतो. तो काळ चालला. पुण्यातल्या सह्याद्रि रुग्णालयांची साखळी पहा. मराठी डॉक्टरांनी उभी केलेली. २०१९ मध्ये ती एका गुंतवणूक कंपनीने घेतली, २०२२ मध्ये कॅनडातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतली, २०२५ मध्ये बंगळुरूच्या मणिपाल समूहाने. आणि मणिपालमध्ये सर्वांत मोठा वाटा २०२३ पासून सिंगापूर सरकारच्या टेमासेक कंपनीचा. सहा वर्षांत तीनदा विक्री! रुग्णालय म्हणजे जमिनीचा तुकडा झाला, भाव चढला की विकायचा. कॅनडातल्या त्या निवृत्त बाईंशी माझं भांडण नाही, त्यांनी आयुष्यभर मुलं शिकवली. पण त्यांची पेन्शन आणि कोथरूडमधल्या बाईचं बिल एका दोरीने बांधलं गेलं आहे, आणि त्या दोघींनाही कुणी विचारलेलं नाही. ज्याला चार वर्षांत नफा काढून बाहेर पडायचंय, तो पांढऱ्या पाण्यावर गोळ्या देत बसेल का?

या दुकानदाराला लगाम घालणारा कायदाही आपल्याकडे अर्धामुर्धा. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली २०२१ मध्ये नवे नियम झाले: दरपत्रक लावा, रुग्ण हक्कांची सनद लावा. तुमच्या तालुक्यातल्या किती दवाखान्यांत ते फलक दिसतात? आमच्याकडे आम्ही बारा दवाखाने फिरलो. एकात सनद होती, फ्रेम करून, कुंडीच्या मागे.

आणि जे विकलं जात नाही, ते कुणाच्या गळ्यात पडतं? आपल्याच. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी पेशंट घरी पाठवला जातो, पुढची जखम पुसणं, पथ्याचं रांधणं, रात्री जागणं हे सगळं कुठल्याही पॅकेजात नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७, असं निघालं. आजारपणाची ही सेवा त्या हिशेबाच्या वर. घरातल्या बाईच्या पलीकडे गावातली बाई आहे: आशा. २००५ पासून देशभरात दहा लाखांच्या आसपास आशा गावं सांभाळतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना जागतिक सन्मान दिला. त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षी, २०२१ आणि २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. सरकारच्या लेखी ती कामगार नाही, 'स्वयंसेविका' आहे. कामागणिक मोबदला. पांढरं जाणाऱ्या बाईला घेऊन ती दवाखान्यात गेली तर त्याचा मोबदला नाही, कारण यादीत ते काम नाही. जामखेडमध्ये गावातली बाई आरोग्याची कर्ती होती, आज ती फॉर्म भरणारी झाली. आणि आता तिच्या मोबाईलमध्ये प्रत्येकीचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक काढायचं काम भर घातलं आहे. गर्भपात, एचआयव्ही, मारहाणीच्या जखमा, ज्या गोष्टी बाई सख्ख्या बहिणीला सांगत नाही, त्या कुणाच्या यंत्रात कुठवर जाणार, हे तिला कुणी सांगितलं आहे? यावर स्वतंत्र लिहायला हवं.

आता आपल्याच मैत्रिणींचं म्हणणं. परवा एका बैठकीत एक जुनी कार्यकर्ती मला म्हणाली, "तू सरकारी दवाखान्याचे गोडवे गातेस, बाळंतपणात तिथे बायांना थोबाडीत मारतात ते विसरलीस?" नाही, विसरले नाही. माझ्या चुलतबहिणीच्या बाळंतपणात मी बाहेर उभी होते आणि आतून 'तेव्हा लाज वाटली नाही का' हे वाक्य ऐकलं होतं. सरकारी दवाखान्यातला जातीचा आणि गरिबीचा अपमान मी पाहिला आहे. हेही कबूल करते की कार्डामुळे आमच्या वस्तीतल्या एका मुलीच्या हृदयाची झडप बदलली आणि ती आज शाळेत जाते. त्या मुलीच्या आईसमोर उभं राहून 'कार्ड नको' म्हणायची माझी हिंमत नाही आणि तसं मी म्हणतही नाही.

पण अपमान करणाऱ्या दवाखान्यावर मोर्चा नेता येतो. त्याच्या डॉक्टरला ग्रामसभेत बोलावता येतं, माहितीच्या अधिकारात कागद मागता येतो, आमदाराला जाब विचारता येतो. आपण हे केलेलं आहे. सिंगापूरला मोर्चा कसा नेणार? आणि झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी सरकारने पैसे द्यावेत हे म्हणताना, पांढऱ्या पाण्याच्या गोळीसाठी सरकारने दवाखाना चालवावा हे म्हणायचं आपण का सोडून दिलं?

आपली चळवळ आरोग्यावर लढली नाही असं नाही. नेट-एन या इंजेक्शनविरुद्ध महिला संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईत मोहीम झाली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा कायदा केला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, त्या लढ्यांवर आम्ही वाढलो. पण त्या वेळी सरकार आणि कंपन्या बाईच्या अंगावर चालून येत होत्या, 'हात लावू नका' असं ओरडायचं होतं. आज सरकार पाठ फिरवून निघालं आहे. पाठमोऱ्या माणसाला 'हात लावू नका' म्हणून काय उपयोग? 'मागे फिर आणि काम कर' हे म्हणायला आपल्याला अजून जमलेलं नाही. उलट आपण मंडप घालून त्याची कार्डं वाटतो. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला 'लाभार्थी' हा शब्द इतका घोटून शिकवला की हक्कदार म्हणायला जीभच वळत नाही.

आमच्या गटाने ठरवलं आहे की यापुढे कार्डांचं शिबिर घ्यायचं तर त्याच दिवशी, त्याच मंडपात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बसवायचं आणि आठवड्यातून एक ठरलेला दिवस बायांच्या तपासणीचा मागायचा. आडोसा, टेबल, दिवा, हातमोजे, औषधं, तपासणारी बाई डॉक्टर. ऊसतोडीच्या गावांत टोळ्या निघायच्या आधी आणि परत आल्यावर, दोनदा. ग्रामसभेत गावातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा आकडा, नावं न घेता, दरवर्षी वाचायला लावायचा. आशाला या कामाचा पगार मागायचा, मोबदला नव्हे. यात खासगी रुग्णालयाचं 'मोफत तपासणी शिबिर' घ्यायचं नाही, मग त्यांनी मंडपाचा खर्च दिला तरी. यावरून आमच्यात वाद झाला, दोघी नाराज आहेत. मंडपाचा खर्च खरोखर मोठा असतो.

सुरुवात म्हणून आम्ही माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एक अर्ज टाकला. एकच प्रश्न: गेल्या वर्षभरात तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गरोदर नसलेल्या किती बायांची आतून तपासणी झाली? उत्तर आलं, 'सदर माहिती या कार्यालयात संकलित केली जात नाही.' आम्ही अपील केलं आहे. हाच प्रश्न तुम्ही आपापल्या तालुक्यात विचारा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. जी उत्तरं येतील, ती जशीच्या तशी आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात तालुक्यांच्या नावांसह छापू.